कार्तिकीला निजणारी वाहने

जर्मनीतल्या कित्येक मोटारसायकलींच्या मागच्या नंबरपाटीवर, गावाची आद्याक्षरे, शासकीय मोहोर आणि क्रमांक संपल्यावर, अगदी उजव्या कडेला दोन लहानसे आकडे एकावर एक छापलेले आढळतात. वर ०३ आणि खाली १०, असे. परक्या माणसाची नजर त्यांवरून सहज घसरून जावी इतके ते बारीक असतात. परंतु त्यांत एक अख्खा हुकूम सामावलेला असतो. मजकूर वाहनास मार्चच्या पहिल्या तारखेपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या तारखेपर्यंतच सार्वजनिक रस्त्यावर वावरण्याची मुभा आहे, आणि १ नोव्हेंबर उजाडला की ते चालवणे तर दूरच, पण रस्त्याच्या कडेला नुसते उभे करून ठेवणेही बेकायदा, असा त्याचा अर्थ. ही हंगामी पाटी १९९७ च्या मार्चपासून अमलात आली. तिची मुदत कमीत कमी दोन महिन्यांची आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांची असू शकते, आणि कर व विमा यांची आकारणी त्याच हिशेबाने होते. त्यापूर्वी काटकसरी माणूस दर शरदात नोंदणी दप्तरात जाऊन आपल्या गाडीचे नाव रजिस्टरातून कमी करून घेई आणि वसंत आला की त्याच खिडकीपुढे रांगेत उभा राहून ते पुन्हा चढवून घेई. सरकारने हे दोन्ही हेलपाटे एका पत्र्यावरच्या चार आकड्यांत मिटवले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मोजले तर बरोबर चार भरतात. आपल्याकडे आषाढी एकादशीला देव निजतात आणि कार्तिकीला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरच्याच आगेमागे, जागे होतात. जर्मन मोटारसायकल नेमकी त्या सुमारास निजायला जाते. हा उलटा चातुर्मास कसा बसतो, कोणते नेम त्यात पाळले जातात आणि कोणते निषिद्ध मानले जातात, हे जवळून पाहण्याचा योग मला गेल्या ऑक्टोबरात स्टुटगार्टमध्ये आला. माझे यजमान मूळचे पुण्याचे, यंत्रशास्त्राचे पदवीधर आणि तिथल्या एका कारखान्यात दीर्घकाळ नोकरीस असलेले. त्यांच्या चार मजली इमारतीच्या पोटात भाडेकरूंच्या वाहनांसाठी तळघर आहे, आणि त्या तळघराच्या एका कोपऱ्यात तीन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या असतात.

स्टुटगार्ट हे शहर एका खोलगट वाटीसारख्या प्रदेशात वसले आहे. चोहोबाजूंच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि एका अंगाने नेकार नदी. मुंबईशी या शहराचा १९६८ पासून भगिनीसंबंध आहे. पण मोटारसायकलीच्या संदर्भात त्याचा मान निराळ्याच कारणाने मोठा. याच शहरात आज सामावलेल्या कानश्टाट या गावी, आपल्या बंगल्याच्या बागेतल्या काचघरात कर्मशाळा थाटून, गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर २६४ घनसेंटिमीटरचे, जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवले आणि जगातली पहिली पेट्रोलवरची मोटारसायकल सिद्ध केली. तिच्या चाकांना लोखंडी धावा होत्या, तोल सांभाळण्यासाठी दोन्ही अंगांना एकेक लहान चाक होते, आणि तापलेल्या नळीने प्रज्वलन होत असल्यामुळे वरचे खोगीर पेट घेई. हे वाहन रस्त्यावर आले ते नोव्हेंबरात, डाइमलरच्या मुलाला वर बसवून! आज ज्या महिन्यात त्याचे वंशज तळघरात लोटले जातात त्याच महिन्यात मूळ पुरुषाने उंटरट्युर्कहाइमपर्यंत पहिली रपेट केली. अर्थात पुढे तो हिवाळा त्या दोघांनी काचघरातच घालवला आणि पट्ट्याची रचना बदलून तिला दोन वेगांची केली, म्हणजे हिवाळ्यात गाडी आत घेऊन तिच्यावर हात फिरवण्याची रीतही मूळ पुरुषापासूनच चालत आली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हिवाळ्यात गाडी आत घ्यावी लागते ती बर्फाच्या भयाने, असा आपला समज असतो. तो अर्धवट आहे. त्या शहरात बर्फ काही रोज पडत नाही. खरा शत्रू आहे मीठ. पारा शून्याकडे झुकू लागला की नगरपालिकेच्या गाड्या रात्री-पहाटे रस्त्यांवर मीठ आणि मिठाचे पाणी फवारीत हिंडतात, कारण खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो आणि रस्ता निसरडा होत नाही. माणसांचे प्राण वाचतात; धातूंचे मात्र हाल होतात. मोटारगाडीचे यंत्र निदान झाकलेले तरी असते. मोटारसायकलीचे सर्वांग उघडे. नळ्या, फिन, स्पोक, नट, बोल्ट, सायलेन्सर, सगळ्यांवर ते खारे तुषार बसतात, क्रोमच्या मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खाली शिरतात आणि ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखे फुलोरे काढतात. कोकणातल्या समुद्रकाठच्या माणसाला हे समजावून सांगण्याचे कारण नाही.

तीन गाड्यांपैकी एक यजमानांची: जपानी बनावटीची, जोड-सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, साडेसहाशे सीसीची. दुसरी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. हे गृहस्थ निवृत्त कातारी आहेत. त्यांच्याकडे १९८० च्या दशकातली बीएमडब्ल्यूची आर ८० आहे, जिची दोन सिलिंडरे दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखी बाहेर येतात. तिसरी गाडी तळमजल्यावरच्या कुटुंबातल्या मुलाची, आणि तिच्याविषयी पुढे सांगेन.

शेजारीबुवा हे त्या तळघरातले अधिकारी पुरुष. ते जर्मन बोलतात, पण ते तिथल्या श्वाबी बोलीच्या वळणाचे. यजमान मला त्याचे मराठी करून सांगत. त्यांच्या मते या कामाला क्रम आहे आणि क्रम चुकवला तर कष्ट केले न केले सारखेच. प्रथम स्नान. हे स्नान घराच्या अंगणात घालता येत नाही, कारण साबणाचे आणि तेलाचे पाणी पर्जन्यजलाच्या गटारात जाऊ देण्यास तेथील नगरपालिकेची मनाई आहे. त्यासाठी नाणी टाकून चालणाऱ्या धुण्याच्या मोरीवर जायचे, जिथल्या जमिनीखाली पाण्यातून तेल निवळून घेण्याची योजना असते. पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि फोर्कच्या सीलांवर धरायचा नाही. पाणी एकदा आत शिरले की चार महिने तिथेच मुक्काम करते. मग ओली गाडी तशीच आत लोटायची नाही, तर वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालवून वाऱ्याने आणि स्वतःच्या उष्णतेने वाळू द्यायची. आणि परतताना, घरापासून अगदी जवळच्या पंपावर, टाकी काठोकाठ भरून घ्यायची.

टाकी भरण्यामागचे कारण मला फार आवडले. अर्धी टाकी रिकामी असली की त्या पोकळीत हवा असते, हवेत बाष्प असते, आणि तळघर थंड पडले की ते बाष्प पत्र्याच्या आतल्या अंगाला दवासारखे जमते. पत्रा गंजतो आणि पाणी जड असल्यामुळे पेट्रोलच्या तळाशी जाऊन बसते. काठोकाठ भरलेल्या टाकीत गंजायला जागाच उरत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीला ही भीती नाही; पण पेट्रोलचे स्वतःचे म्हणून एक वार्धक्य असते आणि ते कोणत्याही टाकीत येते. त्यातले हलके, चटकन पेटणारे अंश उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळेसारखा साका धरतो. शिवाय जर्मनीत २०११ पासून दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले आहे, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेण्यात पटाईत. म्हणून यजमान आपल्या गाडीच्या टाकीत पेट्रोल टिकवणारे एक द्रव्य मापाने ओततात आणि ते इंजेक्टरापर्यंत पोचावे म्हणून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात.

शेजाऱ्यांच्या गाडीला इंजेक्टर नाही. तिला दोन्ही बाजूंना एकेक कार्ब्युरेटर आहे, आणि त्यांनी तो रिकामा करताना मला मुद्दाम जवळ बोलावले. टाकीखालचे दोन्ही कॉक त्यांनी बंद केले. कार्ब्युरेटरच्या खालची वाटी एका वाकवलेल्या तारेच्या कडीने वर धरलेली असते. अंगठ्याने ती कडी मागे लोटली, तशी वाटी हलकेच सुटून त्यांच्या तळहातात आली, आत दोन बोटे पेट्रोल आणि तळाशी मोहरीएवढे पाण्याचे दोन थेंब, पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळणारे. त्यांनी वाटी दिव्याकडे धरून ते थेंब मला दाखवले, पेट्रोल बरणीत ओतले, वाटी फडक्याने पुसली, पुसून पुन्हा दिव्याकडे धरली आणि मगच बसवली. केसाएवढ्या छिद्राच्या जेटमध्ये चार महिन्यांनी काय अडकते ते या दोन थेंबांवरून कळते, असे ते म्हणाले. यजमानांच्या पत्नी त्याच वेळी कपडे वाळत घालायला खाली आल्या होत्या. "घरातल्या वाट्यांना एवढं पुसलं असतं तर," एवढेच बोलून त्या गेल्या. त्याचे जर्मन यजमानांनी केले नाही.

यानंतर तेल. आपल्याकडे सर्वसाधारण रीत अशी की गाडी बरेच दिवस उभी राहायची असेल तर जुनेच तेल राहू द्यावे आणि पुन्हा सुरू करताना नवे घालावे. फुकट नवे तेल उभ्या गाडीत का मुरवायचे, असा त्यात व्यवहार. शेजाऱ्यांना हा व्यवहार अडाणीपणाचा वाटतो. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले, पाणी आणि काजळी असते. गाडी चालती असताना ती तेलाबरोबर फिरत राहतात आणि पाणी तापून उडून जाते, परंतु गाडी थांबली की ती बेअरिंगच्या चकचकीत पृष्ठभागावर एका जागी बसून तो कुरतडू लागतात. म्हणून गरम इंजिनातून जुने तेल पूर्ण निथळून, फिल्टर बदलून, ड्रेन नटाखालचा तांब्याचा वायसर नवा घालून, नवे तेल भरायचे आणि ते सर्वत्र पसरेल इतकाच वेळ इंजिन चालवायचे. निघालेले अडीच लिटर काळे तेल कुठे न्यायचे हा प्रश्न तिथे पडत नाही. ज्या दुकानातून नवे घेतले त्या दुकानदाराने तेवढेच जुने तेल विनामूल्य परत घेतले पाहिजे, असा कायदा आहे. मात्र खरेदीची पावती जपून ठेवावी लागते. शेजाऱ्यांनी अशा पावत्या तारेत ओवून ठेवल्या आहेत, आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांत असत तशा.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक, बसवताना आधी धन टोक, हा नियम कोणताही मिस्त्री सांगेल. त्याचे कारण एवढेच की गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो आणि पाना चुकून त्याला टेकला तर ठिणगी उडू नये. शिशाची बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना विश्रांतीच्या स्थितीत साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. ती नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमून ती पुन्हा पुरती भरेनाशी होते. यजमानांनी तिला भिंतीवरच्या एका लहान चार्जरला जोडून ठेवले. तो ती भरली की स्वतःच थांबतो आणि उतरली की पुन्हा सुरू होतो. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या ज्या असंख्य दुचाक्या जिन्याखाली महिनेमहिने उभ्या राहिल्या आणि नंतर किकला दाद देईनात, त्यांच्या मालकांना हा धडा न शिकवताच मिळाला आहे.

बाकीचे किरकोळ म्हणून उरकतो. रॉकेलने धुतलेल्या चेनला ताजे वंगण; टायरांत नेहमीपेक्षा अर्धा बार, म्हणजे आपल्या पंपावरच्या भाषेत सातेक पौंड, जास्त हवा; शक्य तर डबल स्टँडवर गाडी उभी करून दोन्ही चाके अधांतरी; कूलंट किती थंडीपर्यंत गोठणार नाही याची मापकाने परीक्षा; सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा, उंदीर आत संसार थाटू नयेत म्हणून. आणि वरून सुती चादर. प्लॅस्टिक नको, कारण त्याखाली दमट हवा कोंडते.

सर्वांत कडक निषेध आहे तो मधूनच इंजिन सुरू करण्याचा. यजमान पूर्वी नाताळच्या सुट्टीत खाली येऊन पाच मिनिटे गाडी घुरघुरवीत. गाडीची खुशाली कळते, आणि खरे सांगायचे तर आवाज ऐकावासा वाटतो. शेजाऱ्यांनी त्यांना एक दिवस हिशेब घालून दाखवला. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जाते, पण थंडगार इंजिन पाच मिनिटे चालवले तर ते सायलेन्सरमध्ये आणि तेलात थिजून राहते. जी गाडी कोरडी करून निजवली तिला तुम्ही मध्यरात्री उठवून पाणी पाजता, असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून यजमान नाताळात खाली जातात, चादर उचलून पाहतात आणि परत येतात.

इतके सारे पाहिल्यावर मला एक शंका आली आणि ती मी विचारली. या गावच्या लोकांचे आजोबाही चार महिने गाड्या झाकून ठेवीत का? शेजारी हसले. त्यांचे वडील एनएसयूच्या गाडीवर बारा महिने, गुडघ्यांवर वर्तमानपत्रे बांधून, कामावर जात असत. नेकारच्याच काठी, काही कोस खाली, नेकार्सुल्म येथे एनएसयूचा कारखाना होता आणि १९५५ च्या सुमारास जगात सर्वाधिक मोटारसायकली तिथे तयार होत. युद्धोत्तर जर्मनीत मोटारसायकल हे गरिबाचे वाहन होते. ज्याला मोटार परवडत नव्हती तो ती चालवी, आणि हिवाळा आला म्हणून त्याचा कारखाना बंद होत नसे. पुढे मोटार स्वस्त झाली, दुचाकी गरजेची राहिली नाही, एनएसयूने साठोत्तरीत त्या करणेच सोडले, आणि मागे उरली ती हौस. हौसेला ऋतू असतो. गाडी निजवण्याची ही सारी विद्या, तिचे नेम, तिच्या पावत्या, हे सारे दारात दुसरे वाहन उभे राहिल्यानंतरचे आहे, असे मला वाटते. आणि आपल्या दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, औषधविक्रेत्याच्या दुचाकीला असा चातुर्मास का नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

जुन्या रीतीची आठवण मात्र तिथल्या लोकांनी एका विलक्षण प्रकारे जपली आहे. १९५६ च्या जानेवारीत, स्टुटगार्टच्याच टेकडीवरच्या झॉलिट्यूड प्रासादापाशी, एर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या मोटारसायकल-पत्रकाराने त्सुंडाप केएस ६०१ या गाडीच्या मालकांचा एक लहान मेळावा भरवला. ती गाडी हिरवी आणि धिप्पाड, म्हणून लोक तिला हिरवा हत्ती म्हणत. मेळाव्याचे नावही हत्तीमेळा पडले. तो पुढे बराच काळ न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गापाशी भरे. आता बव्हेरियाच्या अरण्यात, भर थंडीत, बर्फात गवताच्या पेंढ्या पसरून आणि शेकोट्या पेटवून भरतो, आणि माणसे दूरदूरच्या देशांतून मोटारसायकलीवरच येतात. शेजारी तरुणपणी तिथे गेले होते. परत आल्यावर गाडी धुवायला किती दिवस लागले हेच त्यांना अधिक आठवते.

आता ती तिसरी गाडी. सतरा वर्षांचा तो मुलगा एका कारखान्यात उमेदवारी करतो. एकट्याने मोटार चालवायला त्याचे वय कमी, पण सव्वाशे सीसीच्या दुचाकीचा परवाना तिथे सोळाव्या वर्षी मिळतो. त्याच्याकडे नारिंगी रंगाची केटीएम १२५ ड्यूक आहे. कंपनी ऑस्ट्रियाची, परंतु २००७ मध्ये तिची बजाजशी भागीदारी जुळली, आणि ही लहान ड्यूक २०११ पासून आमच्या चाकणला तयार होऊन युरोपात गेली. तिच्या पाटीवर महिन्यांचे आकडे नाहीत. या वर्गाच्या हलक्या दुचाक्यांना तिथे रस्ताकर नाही, तेव्हा हंगामी पाटीने वाचायचे ते थोडे; आणि मुख्य म्हणजे त्याला सकाळी सहा वाजता कामावर जायचे असते. दुचाकीला हिवाळी टायरांची सक्ती नाही, अशी सवलत २०१७ पासून कायद्याने दिली आहे. पण रस्त्यावर बर्फ गोठले तर तो शहाण्यासारखा लोकलने जातो. बाकी सारा हिवाळा ती गाडी पळते. शेजाऱ्यांनी त्याला दर शनिवारी थंड पाण्याने मीठ धुऊन काढायला लावले आहे, कारण गरम पाण्याने क्षारांची क्रिया उलट जोर धरते. आणि त्यानंतर सांध्यासांध्यांतून मेणाचा फवारा. मुलगा कुरकुरत ते करतो. दोन झाकलेल्या गाड्यांच्या शेजारी चाकणची ही एकटीच उघडी, मीठ-चिखलाने माखलेली, सायलेन्सर अजून कोमट असलेली उभी असे, आणि मला तिच्याविषयी, पक्षपात म्हणा हवे तर, जास्त माया वाटली.

वसंतात जागे करण्याचा विधी उलट क्रमाने चालतो. त्यात दप्तराची एक बाब पडते. दर दोन वर्षांनी गाडीची शासनमान्य तपासणी करून पाटीवर चिकटी लावून घ्यावी लागते, आणि तिची मुदत गाडी निजलेली असताना संपली तर हंगामाच्या पहिल्याच महिन्यात ती उरकावी लागते. यजमानांची या खेपेला जानेवारीत संपते, म्हणजे मार्चात जाणे प्राप्त. पण मार्चात ऊन पडले तरी रस्त्यावरचे मीठ एखाद्या मोठ्या पावसाखेरीज धुऊन जात नाही. शेजाऱ्यांनी हे जाणूनच आपल्या पाटीवर ०४ घेतला आहे. यजमानांना त्याची दर वर्षी आठवण होते, कारण मार्चातल्या पहिल्या उजळ रविवारी त्यांच्याने राहवत नाही आणि चार महिने कोरडी ठेवलेली गाडी तासाभरात खारी करून ते परत आणतात. आपणही ०४ करून घ्यावा काय, असा विचार त्यांनी जेवताना बोलून दाखवला: विमा कंपनीकडून नव्या मुदतीचा दाखला, नोंदणी दप्तरात वेळ मागून घेणे, नवी पाटी, तिचे शुल्क.

वहिनींनी आमटी वाढता वाढता सांगितले, "त्यापेक्षा मार्चभर किल्ली माझ्याकडे द्या. शुल्क काही घेणार नाही."